फोटो स्पर्धेचा महिना संपला, आता आवरायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "यंदा विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्सच्या भारताच्या टीममध्ये आम्ही पाचसहा जण पहिल्यांदाच होतो. अपलोडचा महिना संपला, हजारो फोटो आलेत, सगळे दमलेत आणि निकाल कधी म्हणून रोज मेसेज येताहेत. आता नेमकं काय काय उरतं, कशाच्या आधी काय करायचं, आणि बक्षिसं, सर्टिफिकेटं वगैरेचं काय?"

सगळ्यात आधी, निकालाची तारीख आत्ता जाहीर करू नका. मेसेज येऊ देत. "फोटो तपासतोय, ज्युरीला गेले की कळवू" एवढंच उत्तर सगळ्यांना द्या, कारण एकदा तारीख तोंडातून गेली की पुढची सगळी कामं त्या तारखेच्या मागे फरफटत जातात आणि जे खरं करायचं असतं ते राहून जातं.

ज्यांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. २०१० ला नेदरलँड्समध्ये तिथल्या संरक्षित वास्तूंचे फोटो विकिपीडियाला मिळावेत म्हणून सुरू झाली, २०११ ला युरोपभर पसरली, त्या वर्षीच्या १ लाख ६८ हजारांवर फोटोंची गिनीज बुकात सगळ्यात मोठी फोटो स्पर्धा म्हणून नोंद झाली, आणि २०१२ ला तर साडेतीन लाखांच्या आसपास फोटो आले. फोटो जातात विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक फोटोसाठ्यात, मुक्त परवान्याखाली, म्हणजे नाव देऊन कुणीही वापरू शकतं. प्रत्येक देशाची स्वतःची टीम, स्वतःची ज्युरी, आणि देशाने निवडलेले दहापर्यंत फोटो आंतरराष्ट्रीय फेरीला. हे सगळं नोकरीधंदा सांभाळून लोक करतात, पगार बहुतेक कुणाला नाही.

माझं मत विचाराल तर पहिला-दुसरा नंबर हे लोकांना कॅमेरा घेऊन घराबाहेर काढायचं निमित्त आहे. स्पर्धा असते ती त्या फोटोला नाव-गाव लागून तो लेखात जाऊन बसावा म्हणून. त्यामुळे आवरायचा क्रमही त्याच हिशोबाने लावायचा, आधी फोटोंची ओळख, मग हक्कांची तपासणी, मग ज्युरी, मग निकाल, आणि निकालानंतर फोटो वापरात आणणं. बहुतेक टीम ज्युरीपासून सुरुवात करतात आणि निकालाच्या पोस्टवर थांबतात.

सुरुवातीलाच एक किरकोळ वाटणारी गोष्ट उरकून घ्या, वेळ. अपलोडचा महिना सप्टेंबर, पण कॉमन्सवर अपलोडची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत नोंदली जाते, आपण तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे कुणी १ ऑक्टोबरला पहाटे चार वाजता फोटो टाकला तर तिथे ३० सप्टेंबरच दिसणार, आणि उत्साहाच्या भरात १ सप्टेंबरला रात्री एक वाजता टाकलेला फोटो ३१ ऑगस्टचा दिसणार. हा दुसरा माणूस बिचारा नियमात असून बाहेर फेकला जातो, कारण ज्युरीचं टूल तारखेवरून फोटो आपोआप बाद करतं. तुमचे नियम कुठल्या वेळेवर लिहिलेत ते बघा, काठावरचे फोटो हाताने तपासा, आणि जो निर्णय घ्याल तो सगळ्यांना सारखा लावा. फोटो कधी काढलाय याला इथे महत्त्व नसतं, दहा वर्षांपूर्वीचा असला तरी चालतो, अपलोड त्या महिन्यातला हवा. हे न कळल्यामुळे "अमक्याचा फोटो जुना आहे" अशा तक्रारी येतातच, एक तयार उत्तर लिहून ठेवा.

मग ओळख पटवणं, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. केंद्रीय संरक्षित स्मारकंच देशात साडेतीन हजारांच्या वर आहेत, शिवाय प्रत्येक राज्याची वेगळी यादी. अपलोड करणाऱ्याने यादीतून त्या स्मारकाचा नंबर निवडायचा असतो, पण माणसं घाईत शेजारचा नंबर टाकतात, नाहीतर काहीच टाकत नाहीत आणि वर्णनात लिहितात "प्राचीन शिवमंदिर". आता महाराष्ट्रात प्राचीन शिवमंदिर म्हटल्यावर शोधायचं कुठे? अंबरनाथपासून भुलेश्वरपर्यंत सगळी तीच. नंबर नसलेले फोटो कॉमन्सवर वेगळ्या वर्गात, म्हणजे कॅटेगरीत, आपोआप जमा होतात, तो वर्ग उघडा आणि टीममध्ये जिल्ह्याप्रमाणे वाटून घ्या, ज्याला जो भाग माहीत त्याने तो घ्यायचा. दिल्लीतल्या माणसाला सोलापूरकडचं देऊळ ओळखायला लावलं तर तो गूगलवर शोधत बसतो, त्यापेक्षा तिकडचा कुणी असला तर दोन मिनिटांत सांगतो.

मावळातल्या लेण्यांचंच घ्या. कार्ला, भाजे, बेडसे हे तिन्ही एकमेकांच्या नावाने येतात, आणि चुकीच्या नावाने एकदा लेखात बसले की तिथून शाळेच्या प्रोजेक्टात, पेपरात, टूर कंपनीच्या जाहिरातीत जातात. ओळखायचं कसं तर भाज्याच्या चैत्याचा, म्हणजे स्तूप असलेल्या मुख्य लेण्याचा, दर्शनी भाग सताड उघडा आहे, लाकडी होता तो गेला, आतले अष्टकोनी खांब साधे आणि आतल्या बाजूला कललेले, आणि जवळच छोट्या स्तूपांचा एक घोळका दिसतो. कार्ल्याच्या खांबांवर हत्तीवर बसलेल्या जोड्या असतात, स्तूपावर लाकडी छत्र, आणि बाहेरचा फोटो असेल तर सिंहस्तंभ नाहीतर एकवीरा आईचं देऊळ कडेला कुठेतरी येतंच. बेडशाला चैत्याच्या समोर कातळ तसाच सोडलाय, त्यामुळे अरुंद वाटेतून आत जावं लागतं आणि व्हरांड्याचे उंच खांब फ्रेममध्ये पूर्ण मावत नाहीत, फोटो तिरकाच काढावा लागतो. फोटोचा कोन बघूनच बेडसे कळतं. अशी ओळखीची टिपणं टीममधल्या जाणकाराकडून लिहून घ्या, पुढच्या वर्षी पण कामाला येतील. शंका राहिली तर "मावळातील लेणे" असं ढोबळ नाव चालेल, खोटं अचूक नाव नको.

फाइलची नावं पण याच फेरीत. डीएससी शून्य शून्य चार पाच असल्या नावाचा फोटो कुणालाही सापडत नाही. नाव बदलायचा अधिकार कॉमन्सवर सगळ्यांना नसतो, तो असलेला एखादा जुना विकिपीडियन गाठा आणि त्याला यादी करून द्या. वर्ग बदलायला कॅट-अ-लॉट नावाचं गॅजेट आहे, एका वेळी शेदीडशे फोटो सरकवता येतात, हाताने एकेक करत बसू नका.

आता हक्कांचं. यात कंटाळा केला आणि विजेता फोटो नंतर डिलीट झाला तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. सगळे हजारो फोटो बारकाईने तपासणं अशक्य आहे, म्हणून पहिल्या चाळणीनंतर जे शेदोनशे उरतील ते नीट तपासा. कॅमेऱ्याने फाइलमध्ये नोंदवलेली मूळ माहिती म्हणजे एक्झिफ आहे का, गूगल लेन्स किंवा टिनआय असल्या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या टूलवर टाकला तर आधी कुठे दिसतो का, त्याच माणसाच्या बाकीच्या फोटोंचा कॅमेरा तोच आहे का. एका अकाउंटवरून पाच वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे, प्रत्येक वेगळ्या आकाराचे फोटो आलेत म्हणजे गडबड असू शकते, लगेच चोर ठरवू नका पण विचारा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो लगेच कळतो, एक्झिफ गेलेलं असतं आणि लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल. १६०० गुणिले १२०० केले की १९ लाख २० हजार पिक्सेल होतात, म्हणजे २ मेगापिक्सेलची अट असेल तर हा फोटो केसभराने बाद. पुष्कळदा माणूस खरा असतो, फोटोही त्याचाच असतो, फक्त मोबाइल बदलताना स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवलेला असतो. त्याला मूळ फाइल मागा, मिळाली तर तीच नवी आवृत्ती म्हणून चढवायला सांगा, आणि मुदतीनंतरची आवृत्ती धरायची की नाही ते आधी ठरवा.

इन्स्टाग्रामवर आधी टाकलेला फोटो असला तर तो त्याचाच आहे हे विकिमीडियाच्या व्हीआरटी टीमला, म्हणजे परवानगीचे मेल तपासणाऱ्या टीमला, मेल करून सिद्ध करायला सांगा. हे निकालाच्या आधी व्हायला हवं, कारण तिकडेही स्वयंसेवकच आहेत आणि उत्तराला वेळ लागतो.

कायद्याच्या बाबतीत आपण बरे आहोत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात इमारतीचा फोटो काढायला मोकळीक आहे, सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या पुतळ्याचाही चालतो, फक्त भिंतीवर अलीकडे रंगवलेलं चित्र, म्युरल वगैरे यात बसत नाही. अजिंठ्याची चित्रं कितीतरी शतकांपूर्वीची, त्यांचा प्रश्नच नाही. पण देवळाच्या सभामंडपात परवा परवा कुणीतरी काढलेलं चित्र फ्रेमभर असेल तर तो फोटो पुढे पाठवू नका. इटलीवाल्यांकडे बघितलं की आपलं सोपं वाटतं, तिथे वारसा कायद्यामुळे त्यांची टीम नगरपालिकांकडून वगैरे आधी परवानग्या गोळा करते आणि मगच ती वास्तू स्पर्धेत येते.

आभाळ बदललेले, एआयने माणसं पुसलेले फोटो आता येणारच. रंग, उजेड दुरुस्त केला तर माझी हरकत नाही, पण शिखरावरची इलेक्ट्रिकची तार काढताना कळसाचा तुकडा पण गेला असेल तर तो फोटो त्या वास्तूची नोंद म्हणून निकामी. शंका आली तर मूळ फाइल मागायची, नाही दिली तर पुढे न्यायचा नाही, वाद घालायचा नाही.

ज्युरीसाठी मोंटाज नावाचं टूल आहे, याच स्पर्धांसाठी स्वयंसेवकांनी बनवलेलं. त्यात फेऱ्या लावता येतात, पहिली हो की नाही, दुसरी पाच ताऱ्यांपर्यंत गुण, शेवटची क्रम लावायची. रिझोल्यूशन, तारीख आणि ज्युरीतल्या कुणी स्वतः टाकलेले फोटो ते आपोआप बाजूला काढतं. एका फोटोला किती ज्युरींनी बघायचं तो आकडा तुम्ही ठरवता, पहिल्या फेरीतही तो एकवर ठेवू नका, एकाच माणसाच्या कंटाळ्याच्या क्षणी एखादा चांगला फोटो गेला तर तो परत येत नाही. ज्युरीत नुसते फोटोग्राफर घेतलेत का? मग रंग भडक केलेले सूर्यास्त वर येणार. निदान एक जण मूर्ती-स्थापत्याचा अभ्यास असलेला आणि एक जुना विकिपीडियन हवा. हे तिघं एकमेकांशी भांडतात आणि ते भांडण निकालाला फार चांगलं असतं.

आणि दिवाळी! सप्टेंबर संपला की नवरात्र, दसरा, लगेच दिवाळी. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय फेरीला फोटो पाठवायची मुदत पुढ्यात असते. ज्युरीला काम देताना दिवाळीच्या आधीची तारीख सांगा, फराळ सुरू झाला की कुणी लॉगिन करत नाही. मेलवर आठवण पाठवून काही होत नाही हे पण धरून चाला, फोन करा. मोंटाजमध्ये कुणाचं किती काम झालंय ते दिसतं, ज्याचं काहीच झालेलं नाही त्याला आठवड्याभरात प्रेमाने मोकळं करा आणि त्याचे फोटो बाकीच्यांत वाटा.

दहा निवडताना एक बघा, दहाच्या दहा ताजमहाल आणि हंपी नकोत. गुण जुळत असतील तर कमी माहीत असलेली वास्तू पुढे पाठवा. भारताचं नाव या स्पर्धेत चांगलं आहे, २०१२ ला दिल्लीच्या सफदरजंगच्या मकबऱ्याचा फोटो जगात पहिला आला आणि २०१७ ला आपल्या जेजुरीचा, खंडोबाच्या देवळात भंडारा उधळलाय आणि सगळं पिवळं झालंय तो. त्या फोटोने एक गंमत करून ठेवली, भंडाऱ्याचे फोटो आता येतच राहतात. ज्युरीला सांगून ठेवा की उधळणीचा धूर एवढाही नको की देऊळच दिसत नाही. जेजुरीच्या त्या फोटोत वास्तू आणि तिथला माणूस दोन्ही होतं, म्हणून तो वेगळा. शिवाय शक्य असेल तर एक बक्षीस वेगळं ठेवा, ज्या स्मारकाचा आजवर एकही मुक्त फोटो नव्हता त्याचा पहिला फोटो टाकणाऱ्यासाठी. फोटो साधा असला तरी चालेल. माझ्या हातात असतं तर हेच बक्षीस मी सगळ्यात मोठं ठेवलं असतं.

निकाल फोडायच्या आधी विजेत्यांना एकेकाला गाठा. कॉमन्सवरून मेल जातो, पण तो पर्याय चालू नसेल तर त्या सदस्याच्या चर्चापानावर, म्हणजे निरोपांच्या पानावर, लिहावं लागतं आणि नवीन माणूस ते पान उघडतच नाही, मग सोशल मीडियावर शोधा. नाव कसं छापायचं ते विचारा, कुणाला टोपणनावच हवं असतं, त्याचं खरं नाव परस्पर जाहीर करायचं नाही. बँक खातं, पॅन हे सगळं सगळ्यांना उघडणाऱ्या शीटमध्ये मागवू नका, एकाच माणसाने घ्यायचं आणि पैसे पोचले की पुसायचं.

पैशांचं मात्र सीएला विचारूनच. रोख बक्षिसावर टीडीएस कापायचा का, व्हाउचर दिलं तर हिशोब कसा दाखवायचा, हे आधी स्पष्ट हवं, नाहीतर पंचवीस हजार जाहीर करून हातात कमी गेले की विजेता चिडतो आणि त्याचं बरोबरच आहे. निधी परदेशातून असेल तर एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचा, विषय येतो, २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, त्यामुळे "तुम्ही घ्या आणि आम्हाला वळते करा" हा जुना मार्ग बंद. बाहेरून टीशर्ट, मेडल वगैरे मागवत असाल तर कस्टम ड्युटी लागते, पार्सल अडकून पडतं, त्यापेक्षा इथेच छापून घ्या.

न जिंकलेल्यांचं आता. टाकणाऱ्यांत पुष्कळ जण कॉमन्सवर पहिल्यांदाच आलेले असतात. समजा औशाकडच्या एखाद्या शिक्षकाने खरोसा लेण्यांचे चाळीस फोटो टाकले, एकही पहिल्या फेरीपुढे गेला नाही, आणि वर त्याच्या चर्चापानावर इंग्रजीत लाल चौकट आली की तुमची अमकी फाइल डिलीट व्हायला लागलीये. तो परत येईल का? त्या चौकटीखाली दोन ओळी मराठीत लिहा, सर परवाना निवडायचा राहिलाय, असा असा निवडा, फोटो राहील. त्याचे फोटो लेखात कुठे लागले ते पण कळवा. "तुमचा फोटो आता मराठी विकिपीडियाच्या या लेखात आहे" हा मेसेज बक्षिसापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतो, लोक त्याचा स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकतात.

माझा फोटो का नाही घेतला म्हणून भांडायला येणारे असतात. त्यांना ज्युरीतल्या कुणाचं नाव आणि गुण सांगायचे नाहीत, फेऱ्या कशा झाल्या एवढं सांगायचं. बाद झाला असेल तर कारण सांगा, कारण ते नियमात आहे. आवडला नाही याला कारण नसतं.

लेखात लावायच्या कामाला एक रविवार ठेवा, आठदहा जण एकत्र बसा. विकिडेटावर, म्हणजे सगळ्या भाषांच्या विकिपीडियांच्या सामाईक माहितीसाठ्यावर, स्मारकाच्या पानाला चित्र नसेल तर पी१८ या चित्राच्या रकान्यात टाका, त्यामुळे तो फोटो बऱ्याच भाषांच्या माहितीचौकटीत आपोआप जातो. फोटोला मराठी कॅप्शन द्या, एक ओळ पुरे. मराठी विकिपीडियावर किल्ल्यांचे, देवळांचे कितीतरी लेख फोटोशिवाय पडलेत, ते आधी घ्या. पण लेखात आधीच चांगला फोटो असेल तर स्पर्धेचा म्हणून तो काढून नवा लावायचा नाही, दुसऱ्या भाषांमधले संपादक यावर भडकतात आणि ते चूक नसतात. किती फोटो वापरात आले तो आकडा विकीलव्ह्ज नावाच्या टूलवर देशाप्रमाणे दिसतो, नवीन सदस्य किती आले तोही. तो निकालाच्या दिवशी बघण्यापेक्षा मार्चमध्ये बघा.

अहवाल महिन्याभरात लिहून टाका, नंतर कुणाला काही आठवत नाही. छान झालं, प्रतिसाद उत्तम होता असली वाक्यं कुणी वाचत नाही. कुठल्या जिल्ह्यातून एकही फोटो आला नाही, यादीत कुठले नंबर दोनदा होते, कुठलं स्मारक पडून गेलंय किंवा दुसऱ्याच गावात दाखवलंय, पैसे कुठे गेले, हे लिहा. यादीतल्या चुका आत्ता डोळ्यांसमोर आहेत तोवरच दुरुस्त करा. सोशल मीडियाचे पासवर्ड, मोंटाजचे ॲडमिन हक्क हे निदान दोघांकडे असू देत, लग्न, नोकरी, परदेश यात एक माणूस गेला की सगळं अडतं. कार्यशाळांसाठी भरून घेतलेले फॉर्म, त्यातले फोन नंबर, ते डिलीट करा.

सर्टिफिकेटचं विचारलंय. द्या, सगळ्यांना द्या, पीडीएफ पाठवायला खर्च काही नाही आणि कॉलेजच्या मुलांना ते कुठे ना कुठे लागतं. पण सहभागी झाले एवढंच न लिहिता किती फोटो टाकले आणि किती स्मारकांचे ते लिहा, तो आकडा कॉमन्सवरून काढता येतो. नाव देवनागरीत हवं की इंग्रजीत ते त्यांनाच विचारा. आणि सही स्कॅन करून लावणार असाल तर ज्याची सही आहे त्याला आधी सांगा.